पावलीत न सुटणारा पट्टा

गिटार पडली तेव्हा तिचा आवाज झाला नाही, असं आमच्या भजनी मंडळातल्या बायका सांगतात. झाला होता. पण ती पडली पखवाज वाजवणारीच्या पायाच्या अंगठ्यावर, आणि तिनं जो आवाज काढला त्यात गिटारचा बुडून गेला. सप्ताहातला काल्याचा दिवस होता, देऊळ गच्च भरलं होतं, बाहेर पंगतीची पानं मांडली जात होती. पट्ट्याचं सुटलेलं टोक माझ्या खांद्यावर तसंच लोंबत राहिलं, बैल निघून गेल्यावर दावं राहतं तसं.

माझ्या थोरल्या जाऊबाई मंडळाच्या म्होरक्या आहेत. हातात चिपळ्या घेऊन त्या पुढं उभ्या राहतात, ओळ त्या म्हणतात, मागून आम्ही धरतो. त्या दिवशी त्या माझ्या उजव्या अंगाला होत्या. गिटार पडायच्या आधी पट्ट्याला उजवीकडून एक झटका बसला. कमरेवर कुठं बसला ते मी आजही बोट ठेवून दाखवीन. पण जाऊबाईंनी पखवाजवालीच्या अंगठ्यावर हळद दाबता दाबता सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पट्टाच ढिला व्हता तिचा. फुकटातल्या वस्तूचं असंच असतंय."

झटक्याचं मी एक वेळ सोडून दिलं असतं, पण फुकटातली म्हटलेलं नाही. नसरापूरला माझं सीट कव्हरचं दुकान आहे. खताची रिकामी पोती धुऊन त्यांच्या बाजारपिशव्या शिवण्यापासून मी सुरुवात केली, आज टेम्पो, जीप, ट्रॅक्टर आणि पुणेकरांचे सोफे शिवते. गुंजवण्याच्या बाजूला एका पुणेकराचा बंगला होता. त्याच्या सोफ्याची कव्हरं मी मापानं शिवून नेली, तर तो म्हणाला, बंगला विकला, सोफा गेला, आता कव्हरं कशाला? मी म्हटलं, सोफा तुमचा गेला, कव्हरं माझ्या अंगावर आली, त्यांचं काय करू, घालून हिंडू? दोन तास आम्ही भांडलो. मी खाली उतरले तेव्हा कव्हरं त्याच्याकडं नव्हती, ॲडव्हान्स त्याच्याकडं नव्हता आणि दारामागं उभी असलेली गिटार माझ्या खांद्यावर होती. दोन तास भांडून मिळवलेल्या वस्तूला फुकटातली कोण म्हणेल? ज्या बाईनं कधी भांडण केलेलं नाही ती म्हणेल, आणि जाऊबाईंबद्दल तसं काही म्हणता येणार नाही.

मोबाईलवर बघून मी तीन कॉर्ड शिकले. आमच्या भजनाला तेवढ्या पुरतात. मंडळाच्या पेटीचा भाता फाटलेला, तिच्यातून सुरापेक्षा वारा जास्त येतो, त्यामुळं गिटार सगळ्यांना बरी वाटली. आणि गिटार वाजवणारीला माइक लागतो, म्हणून मी पहिल्या रांगेत आले. धाकटी जाऊ म्हणून वीस वर्षं मी शेवटच्या रांगेत खांबाच्या आड टाळ वाजवले होते. तिथून देव दिसत नाही, पुढच्या बायकांचे अंबाडे दिसतात.

काल्यानंतर मंडळाची बैठक बसली. आमच्यात मत द्यायला हात वर करत नाहीत, कारण हातात टाळ असतात. ज्यांना पटलं त्यांनी एकदा टाळ वाजवायचा. गिटार बंद करायची का, असं जाऊबाईंनी विचारलं आणि निम्मे टाळ वाजले. ठेवायची का विचारलं, निम्मे वाजले. पखवाजवाली अंगठ्याला चिंधी बांधून बसली होती, तिनं दोन्ही वेळा वाजवला.

मी म्हटलं, "पट्ट्याला झटका कुणी दिला ते आधी ठरू द्या."

"कुणी दिला?" जाऊबाई म्हणाल्या.

"ज्येच्या हातात चिपळ्या व्हत्या त्येनी."

"माजे दोन्ही हात वर व्हते. देवाम्होरं उभी व्हते मी, तुज्या पट्ट्याम्होरं न्हाई."

"खाली बसून वाजव की," मागून कुणीतरी म्हणालं.

बसून पावली होते का? पावली म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणं. एक पुढं, एक मागं, कमरेत वाकायचं, गिरकी घ्यायची. आमचं मंडळ गळ्यापेक्षा पावलीवर नाव राखून आहे. आणि गिटारच्या पट्ट्याचं खरं दुखणं पावलीतच आहे. शहरातली पोरं गिटार घेऊन जशी उभी राहतात तशीच शेवटपर्यंत उभी असतात. त्यांना देवापुढं वाकायचं नसतं.

शेवटी ठरलं असं. महिन्याभरानं नसरापूरला भजन स्पर्धा होती. तिथं गिटार न पडता पावली पार पडली तर मी पहिल्या रांगेत. पडली तर टाळ, आणि खांब.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी पट्टा टेबलावर घेतला. गिटारच्या बुडाशी एक बटण असतं, मानेच्या मुळाशी दुसरं. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चामडं, चामड्याला चीर, त्या चिरेत बटण अडकवायचं. म्हणजे काज आणि बटणच. काज ढिलं झालं की ब्लाउजचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. मी दुहेरी रेक्झिन घेतलं, टेम्पोच्या सीटला वापरते ते जाड, आणि इतकं घट्ट काज शिवलं की बटण बसवताना अंगठ्याचं नख मोडलं. मग गिटार अडकवून दुकानातच पावली सुरू केली. एक टेम्पोवाला कव्हराचा रंग निवडत बसला होता. तो म्हणाला, "ताई, माझ्या सीटवर भी अशी उडी मारून बघनार का?" चौथ्या गिरकीला काज जरा फाकलं. रेक्झिन ताणलं जातं, हे माझंच ज्ञान. मी गिऱ्हाइकांना हे सांगतच नाही.

मग रबर. भोरच्या बाजारात गोटी सोड्याची गाडी लागते. त्या बाटलीच्या तोंडात रबराची चकती असते, गोटी तिच्यावर दाबून बसते. पट्टा बटणावर चढवायचा आणि वरून ती चकती ओढून बसवायची, म्हणजे पट्ट्याला मागं सरकायला जागाच राहत नाही, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. सोडेवाला चकती द्यायला तयार नव्हता. मी त्याच्या गाडीची ताडपत्री शिवून द्यायचं कबूल केलं आणि चार घेतल्या. खरं सांगायचं तर हा उपाय चांगला आहे. कुणाला साधी गिटार उभं राहून वाजवायची असेल तर त्यानं एवढंच करावं. घरी मी दहा पावल्या केल्या, पट्टा हलला नाही. अकराव्या गिरकीला वाळलेलं रबर फुटलं आणि चकती उडून आमच्या मालकांच्या चहात पडली. त्यांनी चकती काढून बशीत ठेवली आणि चहा पिऊन टाकला. घरात दोन जावांचं बिनसलं की त्यांनी वीस वर्षं हेच धोरण ठेवलंय.

मग मी पुण्याला गेले. गिटारच्या दुकानात स्टीलचं कुलूप मिळतं. एक भाग बटणाच्या जागी स्क्रूनं बसतो, दुसरा पट्ट्याला, आणि आत ढकलला की टक् करून अडकतो. बटण दाबल्याशिवाय निघत नाही. बघताक्षणी मला आवडलं. दुकानदारानं किंमत सांगितली, मी निम्मी सांगितली. तो म्हणाला, फिक्स रेट आहे. मी म्हटलं, मग एकच द्या, माझी खालचीच बाजू सुटते.

"मॅडम, जोडी असते. एक विकत नाहीत."

"वरचं सुटतच न्हाई तर त्याला कुलूप कशाला? घराला दोन दारं असतात, पन चोर एकाच दारानं येतो."

"एक विकलं तर दुसऱ्याचं मी काय करू?"

"दुसरी बाई येईल, जिची वरची बाजू सुटते."

इथपर्यंत तो हसत होता आणि सौदा जमायच्या बेतात होता, हे मला कळतं. पण त्यानं विचारलं, कुठल्या बँडमध्ये वाजवता? मी म्हटलं, भजनात. त्यावर तो ज्या पद्धतीनं हसला, ते हसणं वेगळं होतं. आतल्या माणसाला हाक मारून त्यानं सांगितलं, अरे हे ऐक. मी त्याला सांगितलं की तुझ्या दुकानातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवणारा आंधळा असावा, आणि बाहेर पडले. बसमध्ये नसरापूरपर्यंत राग पुरला. राग उतरल्यावर कळलं की कुलूप तिथंच राहिलं, आणि स्पर्धा आठ दिवसांवर आली.

शेवटी मला नीट वागवलं ते भोरच्या मिस्त्रींनी. ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करणारे म्हातारे चाचा आहेत, त्यांच्या सीटा मीच शिवते. त्यांनी गिटार आडवी धरली, बुडाचं बटण बघितलं, पट्टा बघितला.

"सतार हाय काय?"

"गिटार."

"तेच. पडती कशी?"

मी त्यांना त्यांच्या वर्कशॉपमध्ये, दोन नांगरांच्या मधल्या जागेत, पावली करून दाखवली. ते गंभीरपणे बघत होते. मग म्हणाले, "ताई, तुमी वाकता तवा पट्टा सैल पडतो, उठता तवा हिसका बसतो. नांगराचं बी असंच हाय. बटनाला बांधून उपेग न्हाई, बटनात आडवी पिन पायजे."

त्यांनी बटण काढून त्या जागी थोडा लांब बोल्ट बसवला. बोल्टच्या टोकाशी आरपार भोक पाडलं. पट्टा बोल्टवर चढवायचा, मग भोकातून तारेची वळवलेली पिन घालायची, तिचा एक पाय आत आणि दुसरा बाहेरून बोल्टला मिठी मारतो. ट्रॅक्टरच्या मागं अवजारं जोडतात तिथं असते ती, फक्त बारकी. मी पट्टा धरून गिटार हवेत हिसकली. पट्टा जागचा हलला नाही.

"नांगर सुटत न्हाई हिच्यानं," चाचा म्हणाले. "फकस्त पिनंचं टोक जरा भाईर राहतंय. त्येवर चिकटपट्टी मारून देतो, कपडा अडकंल न्हाई तर."

मी नको म्हटलं. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. मला ती पिन दिसायला हवी होती. जाऊबाईंच्या डोळ्यांना, पहिल्या रांगेत, चकचकीत.

दिसलीही. स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता, सकाळचं ऊन कनातीतून आत येत होतं, तीन परीक्षक टेबलामागं पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. जाऊबाईंनी मंडळासाठी नव्या साड्या निवडल्या होत्या, मोरपिशी, पदराला गोंडे. आम्ही रांगेत उभ्या राहताना त्यांनी माझ्या कमरेकडं पाहिलं.

"ह्ये काय लावलंयस? ट्राली जोडायचीय व्हय?"

"जोडायचीच हाय," मी म्हटलं. "सुटलं तर बोला."

भजन सुरू झालं. पहिलं कडवं उत्तम गेलं. पाऊल पुढं, पाऊल मागं, वाकणं, उठणं. गिटार अंगाला अशी चिकटून होती की जणू माझाच अवयव. मी जरा जास्तच वाकले, हे कबूल करते. मग गिरकी आली. सगळ्याजणी उजवीकडून फिरलो, जाऊबाईंचा पदर माझ्या कमरेवरून गेला, आणि पुढच्या पावलाला त्या माइककडं निघाल्या तशा जागच्या जागी थांबल्या. पदराचा गोंडा पिनेच्या टोकात अडकला होता.

त्यांनी एकदा ओढून बघितलं. पिन नांगर धरणारी. पदर खांद्यावरून वीतभर खाली आला. म्होरक्या बाईचा पदर परीक्षकांसमोर पडणं म्हणजे काय, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. त्या एक पाऊल मागं आल्या, माझ्याशेजारी. ओळ त्यांनी तिथूनच म्हटली, खणखणीत, चेहऱ्यावर भक्तिभाव. मंडळानं ओळ उचलली. मागून ओळीची झील धरतात तेवढा वेळ म्होरक्या मोकळी असते, आणि माइक हातभर लांब होता.

"सोड," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"मी कुटं धरलंय? पिननं धरलंय."

"मग काढ पिन."

"काढली की गिटार पडंल. मग बैठक बसवाल."

त्यांना पुढची ओळ घ्यावी लागली. आम्ही एकदम पाऊल पुढं टाकलं, एकदम मागं घेतलं. दुसरा इलाज नव्हता. मी डावीकडं गेले तर पदर जाणार, त्या उजवीकडं गेल्या तर पदर जाणार. ओळ मागं गेली.

"पाया पडते, हळू चाल."

"मागल्या टायमाला झटका कुनी दिला?"

"आत्ता इचारतीस? हितं?"

"झील संपायच्या आत सांगा."

त्यांनी ओळ घेतली. मला वाटतं, ती ओळ इतक्या कळवळ्यानं त्यांनी आयुष्यात म्हटली नसेल. मागच्या बायकांनाही भरून आलं. मग मान न वळवता त्या म्हणाल्या, "बांगडी अडकली व्हती. पट्ट्यात. मुद्दाम न्हाई केलं."

मी इतके दिवस त्या एका वाक्याची वाट बघत होते आणि ते आलं तेव्हा माझी कॉर्ड चुकली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मंडळात सांगायचं," मी म्हटलं.

"जमनार न्हाई. अंगठ्याला टाका पडलाय तिच्या. मला जन्मभर ऐकवंल."

"मग मला काय?"

"बैठकीत टाळ वाजवीन तुज्या बाजूनं."

"तेवढ्यानं न्हाई. पहिल्या रांगेची जागा कायमची."

ओळ. पाऊल पुढं, पाऊल मागं, वाकलो, उठलो.

"या वर्सापुरती," त्या म्हणाल्या.

"पाच वर्सं."

"एक. आन निरी सांभाळ माजी."

"तीन. न्हाईतर गिरकी घेते."

ही गिरकी चुकवता आली नसती, पण डावीकडून घ्यायची की उजवीकडून, हे माझ्या हातात होतं. त्यांनाही ते कळलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं. आन बांगडीचं तोंडातनं काडायचं न्हाई. कुणापाशी बी. तुज्या नवऱ्यापाशी सुद्दा."

"दोन," मी म्हटलं, आणि त्यांच्या बाजूनं गिरकी घेतली. दोघी एकाच वेळी फिरलो, पाठीला पाठ घासून, पदर खांद्यावर, गिटार गळ्यात. मांडवात टाळ्या पडल्या. आम्ही शेवटपर्यंत तशाच राहिलो. नमस्काराला वाकलो तेव्हा पखवाजवालीला गोंडा दिसला, तिनं बसल्या जागेवरून हात घालून तो सोडवला आणि म्हणाली, "आता गं? तुमी दोघी बांधून घिऊन नाचत व्हता का काय?"

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला जिथं जायचा तिथं दरवर्षी जातो, त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. पण परीक्षकांमधले एक वयस्कर गृहस्थ माइकवर म्हणाले की या मंडळातल्या पुढच्या दोन भगिनींची जोडपावली पाहून मन प्रसन्न झालं, पावलात तसूभर अंतर नव्हतं, अशी एकरूपता साधनेशिवाय येत नाही. जाऊबाईंनी हात जोडले. मीही जोडले.

पुढच्या बैठकीत गिटार ठेवायची का, असं विचारल्यावर सगळ्यात आधी जाऊबाईंचा टाळ वाजला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिलेला शब्द पाळतात. तक्रार वेगळी आहे. जोडपावली आता आमच्या मंडळाची खासियत झाली आहे. पासलीपासून भोरपर्यंत बोलावणी येतात ती त्यासाठी. कार्यक्रमाआधी जाऊबाई स्वतः माझ्या पिनेत त्यांचा गोंडा अडकवून घेतात, आणि मोकळ्या वेळात मला ऐकवतात की मी पाऊल जड टाकते, की माझी तिसरी कॉर्ड कच्ची आहे, की घरी भाताला पाणी जास्त घालते. पूर्वी मी खांबाआड उभी असल्यानं हे ऐकू यायचं नाही.

चाचांनी पिनेला चिकटपट्टी मारायची पुन्हा विचारणा केली. मी म्हटलं, आता मंडळच नको म्हणेल.

आणि गिटार माझ्या ढिल्या पट्ट्यामुळंच पडली, असं गावात सगळे आजही मानतात. पखवाजवाली पाऊस आला की अंगठा चोळत माझ्याकडं बघते. मी गप्प बसते, कारण तसं ठरलं आहे. तोंडातून काढायचं नाही, असं ठरलं होतं, आणि मी काढलेलं नाही. लिहायचं नाही, असं आमच्यात कुठंच बोलणं झालं नव्हतं. जाऊबाई चष्मा लावून सगळं वाचतात, अगदी वडे बांधून आलेला कागदही. हेही वाचतील. दोन वर्षं येत्या सप्ताहाला संपतायत, पहिल्या रांगेचं पुढं काय ते बोलायला बसावं लागेल, आणि बसताना त्यांनी हे आधी वाचलेलं असावं, एवढंच मला हवं आहे. मी पाचावरून सुरुवात करणार आहे.